थोडा रोजा खुर्चीचाही

फजरची नमाज आटोपली की धावड्यातल्या एखाद्या घराचा रमजानमधला दिवस असा सुरू होतो. अब्बा खांद्यावर रुमाल टाकून शेताची वाट धरतात. अम्मी सहरीची भांडी घासतात, अंगण झाडतात आणि घटकाभर पाठ टेकतात. पुण्यातल्या कंपनीत नोकरीला असलेला, पण गावीच राहून काम करणारा मुलगा मागच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडतो. दार लावले जाते. ‘त्याचं काम चालू आहे’ म्हणून घरातली लहान मुलेही त्या दारापासून लांब राहतात.

मगरीबच्या अजानला तिघेही दस्तरख्वानावर येऊन बसतात. तिघांचाही रोजा असतो आणि तिघेही थकलेले असतात. पण प्रत्येकाचा थकवा वेगळा. अब्बांचे पाय दुखतात, अम्मींची कंबर दुखते आणि मुलाची मान अवघडलेली असते. पलंगापासून टेबलापर्यंत, टेबलापासून मोरीपर्यंत आणि तिथून जानमाजपर्यंत, म्हणजे नमाजाच्या चटईपर्यंत, एवढाच त्याच्या पायांचा दिवसभराचा प्रवास झालेला असतो.

हे घर अमक्याचेच म्हणून सांगण्यात अर्थ नाही. धावड्यात, भोकरदनला, सिल्लोडला, जालना शहरात अशी घरे आज कुठल्याही गल्लीत सापडतील. काहींच्या दारावर चाँदतारा असेल, काहींच्या दारावर गणपती. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शहरांतली पोरे लॅपटॉप घेऊन गावी परतली आणि त्यांतली काही गावीच राहिली. आईबापाजवळ राहता येते, खोलीभाडे वाचते, घरचे जेवण मिळते. सोय मोठीच आहे. पण या सोयीत एक गोष्ट नकळत हातची गेली. ती म्हणजे दिवसभरातली साधी हालचाल.

धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. मका, कपाशी, मिरची ही या भागाची पिके. धावडा नावाचे झाडही आहे. त्याचे लाकूड इतके चिवट की कुऱ्हाडीच्या दांड्याला ते वापरत आणि त्याचा डिंक आजही लाडवांत पडतो. अशा मुलखात शरीर हलवण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागेल, असे दोन पिढ्यांपूर्वी कुणी सांगितले असते तर लोक हसले असते. आज तो वेळ काढावा लागतो आहे.

घरून काम नवे नाही

खरे तर घरून काम करणे आपल्याकडे जुनेच. पैठणचा आणि येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर घरातच माग मांडून बसे. औरंगाबादचे हिमरू विणणारे कारागीर, मालेगावचे मोमीन विणकर, गावचा कुंभार, शिंपी, सोलापूर आणि सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बाया, यांच्यापैकी कुणाला ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांचे घर आणि कामाची जागा एकच होती. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला, तोही याच पद्धतीने वाढला. पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, वाळवून परत द्यायचे.

या सगळ्या कामांत त्रास होता. विडी वळणारीची पाठ वाकते, विणकराचे डोळे लवकर जातात. तरी बऱ्याच कामांत हातपाय चालत. मागावर पायाने पावडी दाबावी लागे, हाताने धोटा फेकावा लागे, सूत उन्हात वाळवायला बाहेर न्यावे लागे. पहाटे जाते ओढणाऱ्या बाईचे खांदे आणि पोट दोन्ही कामाला लागत. आजच्या घरच्या कामात फक्त बोटे हलतात. पूर्वीच्या नोकरीत निदान बसस्टॉपपर्यंत चालणे होते, ऑफिसचा जिना होता, दुपारी चहाला खाली उतरणे होते. घरून काम करताना हे सगळे गळून पडले. कुणी ठरवून सोडले नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

बसून राहण्याची किंमत पहिल्यांदा नीट मोजली गेली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ता तोच, पगाराची माणसेही साधारण एकाच थरातली. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत सारखा वर-खाली. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापले. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाले. आपल्या भोकरदन–जालना एसटीत उभ्याने तिकिटे देणारा कंडक्टर पाहिला की ही गोष्ट सहज पटते. तो कुठलाही व्यायाम करायला गेलेला नसतो. त्याचे कामच त्याला बसू देत नाही.

आपल्या देशाचे आकडे आता काळजी वाटावी असे आहेत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि त्याहून जास्त, सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. मधुमेहाला कारणे अनेक असतात. बसून राहणे हे त्यांतले एक. पण आपल्या हातात असलेल्या कारणांपैकी ते आहे.

गावात कुणाला ‘शुगर’ निघाली की म्हाताऱ्या माणसांची आठवण येते. आता तिशीतल्या मुलांच्या खिशातही गोळ्यांची पाकिटे दिसू लागली आहेत. ज्या घराचा महिन्याचा खर्च त्या एका मुलाच्या पगारावर चालतो, त्या घराला हा आजार फक्त त्याचा एकट्याचा नसतो.

एकाच घरातले दोन प्रश्न

आता पुन्हा त्या घरात जाऊ. मागच्या खोलीत मुलगा दहा तास बसून आहे. त्याला पाणी लागत नाही, कारण रोजा आहे. एरवी तेही जागेवर मिळते. अम्मी पहाटे साडेतीन-चारला उठल्या आहेत. सहरी केली, वाढली, आवरली. दुपारी घटकाभर कुरआन पढणे झाले की असरनंतर पुन्हा चूल. भज्यांचे पीठ, फळे चिरणे, शरबत, रात्रीचा स्वयंपाक. इफ्तारनंतर भांड्यांचा ढीग, मग इशा आणि तरावीह, मग सकाळच्या सहरीची तयारी. एकाला हालचाल मिळत नाही आणि दुसरीला विश्रांती मिळत नाही. दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली आहेत आणि त्यांचे उत्तरही बऱ्याच अंशी एकच आहे.

सरकारची वेळेच्या वापराची पाहणी हेच सांगते. २०२४च्या पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले. म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक विरुद्ध दीड तास. आणि हे आकडे जे पुरुष असे काम करतात त्यांचे. जे हातच लावत नाहीत ते यात धरलेलेही नाहीत.

यावर कुणी म्हणेल, मग बायकांचा व्यायाम तर आपोआपच होतो. तसे होत नाही. वर सांगितलेल्या ‘लॅन्सेट’च्याच अभ्यासात कमी हालचालीचे प्रमाण भारतातल्या पुरुषांत ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के निघाले. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याने माणूस दमतो, पण त्याने छाती भरून श्वास घ्यावा लागत नाही, पाय मोकळे होत नाहीत. दमणे वेगळे आणि शरीर सशक्त होणे वेगळे. मोकळ्या हवेत अर्धा तास झपझप चालायचे म्हटले तर गावातल्या बाईला ना वेळ असतो, ना जागा. चालायला निघालीच तर ‘कुठं निघालात?’ हा प्रश्न चार घरांवर विचारला जातो.

म्हणून रमजानमध्ये घरून काम करणाऱ्या मुलाने पहिले काम करावे ते हे. असरनंतर लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जावे. टाकीतून पाणी आणावे, फळे चिरावीत, दस्तरख्वान अंथरावे, शेजारी द्यायची ताटे आपण नेऊन पोचवावीत, इफ्तारनंतर भांडी उचलावीत. पाऊण तास तो वाकेल, उठेल, चालेल. तेवढाच पाऊण तास अम्मीला किंवा बायकोला मिळेल. तो तिने ओट्यापाशीच घालवू नये. मुलीला, सुनेला, शेजारणीला सोबत घेऊन इफ्तारनंतर शाळेच्या मैदानापर्यंत जाऊन यावे. चौघी निघाल्या की ‘कुठं निघालात?’ हे विचारणाऱ्याचीच पंचाईत होते.

यात धर्माला सोडून काही नाही. उलट सही बुखारीत हजरत आयशा यांच्याकडून आलेली एक हदीस प्रसिद्ध आहे. पैगंबर साहेब घरी असताना काय करत, असे त्यांना विचारले गेले. घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितले. घरी असणे म्हणजे घराच्या कामात असणे, असा तो सरळ अर्थ. आज घरी बसून काम करणाऱ्या पुरुषांनी ही सुन्नत आठवायला हरकत नाही. तिचा सवाब मिळेल आणि गुडघेही मोकळे राहतील.

तरावीहचा अर्थ विश्रांती

रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीहची नमाज होते. अनेक ठिकाणी ती वीस रकातींची, काही जण आठ रकाती पढतात. एका रकातीत उभे राहणे, कमरेत वाकणे म्हणजे रुकू आणि कपाळ जमिनीला टेकणे म्हणजे सजदा असतो, सजदे दोन. म्हणजे वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सजदे होतात. दिवसाच्या पाच फर्ज नमाजांच्या सतरा रकाती वेगळ्या. शहराच्या मशिदीत तरावीहला शेजारी उभ्या राहिलेल्या तरुणाचा गुडघा कटकन वाजतो आणि मागच्या सफेतले सत्तरीचे चाचा आधार न घेता उठतात, हे दृश्य नवे नाही.

नमाज ही इबादत आहे, कसरत नाही. व्यायाम म्हणून नमाज पढणारा नमाजही गमावतो आणि व्यायामही. पण इबादत करताना शरीर उठते-बसते, हे काही खोटे नाही. अरबीत ‘तरवीहा’ म्हणजे विसावा. पूर्वीचे लोक दर चार रकातींनंतर थोडे थांबत, म्हणून या नमाजला तरावीह म्हटले गेले. सलग उभे राहायचे नाही आणि सलग बसायचेही नाही. काम आणि विसावा आलटून पालटून. घरून काम करणाऱ्याला याहून चांगले वेळापत्रक कुणी लिहून देणार नाही.

दिवसाच्या नमाजांतही हेच आहे. दुपारी जोहर, संध्याकाळी असर. वुजूसाठी, म्हणजे हातपाय धुण्यासाठी उठावेच लागते. पण जोहर आणि असर यांच्यात दोन-तीन तास जातात आणि शरीराला तेवढी लांब बैठक मानवत नाही. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१६ साली सल्ला दिला तो असा, की बसून काम करणाऱ्याने दर अर्ध्या तासाने उठून थोडी हालचाल करावी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली अकरा जणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालण्याने, दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखरेची उसळी निम्म्याहून अधिक कमी झाली. अकरा माणसे म्हणजे फार नव्हेत, पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्या परंपरांनाही हे ठाऊक होते. श्रावणात मंगळागौरीच्या रात्री फुगड्या आणि झिम्मा घालून बायका घरातल्या घरात घाम गाळत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो चटईएवढ्या जागेत होतो म्हणूनच घरोघर पोचू शकला. शेजारच्या घरातला घरून काम करणारा मुलगा नमाज पढत नसेल, पण त्याच्यासाठीही घरात काही ना काही आहेच. ज्याला जे आपले वाटते त्याने ते करावे. उठणे सगळ्यांचे सारखेच आहे.

रोजात काय करावे

रोजा असताना जोरात व्यायाम करायची गरज नाही. काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

फजरला मशिदीत पायी जावे आणि येताना लांबच्या वाटेने यावे. सकाळची हवा थंड असते आणि सहरी नुकतीच झालेली असते.

फोनवरचे बोलणे बसून करू नये. अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारत बोलावे. ज्या बैठकीत कॅमेरा लावायचा नसतो, ती चालता-चालता ऐकता येते.

पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करू नये. टेबल नसेल तर लोखंडी पेटी आणि तिच्यावर जाड पुस्तके चालतात. पडदा डोळ्यांच्या समोर आला की मान वाकत नाही.

लाईट गेली की बहुतेक जण मोबाईल घेऊन तिथेच बसतात. गावात लाईट जाणे हा रोजचाच प्रकार. ती येईपर्यंत एक चक्कर मारून यावी. भारनियमनाचा एवढा तरी फायदा व्हावा.

इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन मगरीब पढावी, मग जेवावे आणि जेवण झाल्यावर पंधरा मिनिटे सावकाश चालावे. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्कर लोकांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालायला लावले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर कमी करण्यात हे चालणे सकाळी एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा सरस ठरले. इफ्तारच्या तळलेल्या भज्यांनंतर ही पंधरा मिनिटे औषधासारखी आहेत, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

जोराचा व्यायाम ज्यांना सोडवत नाही त्यांनी तो इफ्तारनंतर तास-दोन तासांनी करावा. त्याआधी पाणी पोटभर प्यावे. एकदम तांब्याभर नव्हे, इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे.

कुणी जपावे

मधुमेह असलेल्या माणसाने रोजे धरण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, रमजान सुरू झाल्यावर नव्हे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तरावीह हा दिवसाच्या हालचालीचाच भाग धरावा आणि रोजात, विशेषतः इफ्तारच्या आधीच्या तासांत, दमवणारा व्यायाम टाळावा. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर चढली तर रोजा सोडावा, असेही त्या सांगतात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात, तरी त्या गैरसमजापायी कितीजण तपासणी टाळतात. चक्कर, थरथर, दरदरून घाम, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर ‘थोडा वेळ उरला आहे’ म्हणून थांबू नये. आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआननेच सवलत दिली आहे. ती नाकारण्यात बहादुरी नाही.

ही गोष्टही विसरता कामा नये, की वर लिहिलेले सगळे बसून कमावणाऱ्यासाठी आहे. रोजा धरून उन्हात कपाशी वेचणाऱ्या मजुराला, विटा वाहणाऱ्याला आणि मिरची तोडणाऱ्या बाईला चालण्याचा सल्ला देणे ही थट्टा होईल. त्यांना सावली हवी, दुपारी तासभराची सुट्टी हवी आणि मजुरी वेळेवर हवी. मागच्या खोलीतल्या मुलाने फेऱ्या माराव्यात आणि त्याच्या बापाने शेतातून आल्यावर पाय पसरून बसावे, हाच न्याय आहे.

ईदनंतर

रमजान माणसाला काय शिकवतो, याची उत्तरे अनेक दिली जातात. सब्र शिकवतो, भुकेची जाणीव देतो, देणे शिकवतो. घरून काम करणाऱ्याला तो आणखी एक गोष्ट शिकवू शकतो. ज्याशिवाय एक क्षण चालणार नाही असे वाटते, त्याच्यावाचून चालते. सकाळच्या चहावाचून चालते, दुपारच्या जेवणावाचून चालते. तर अर्ध्या तासातली पाच मिनिटे खुर्चीवाचूनही चालेल. रोजा म्हणजे स्वतःला आवरणे. अन्नापासून आवरतो तसे बसण्यापासूनही थोडे आवरता येते.

ईदच्या दिवशी नवे कपडे घालून सगळे ईदगाहला पायी जातात, गळाभेटी होतात, शिरखुर्म्याच्या वाट्या शेजारी पोचतात. मग दोन-तीन दिवसांनी मागच्या खोलीचे दार पुन्हा लागते. तेव्हा त्या मुलाने दोनच गोष्टी धरून ठेवाव्यात. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की स्वयंपाकघरात एक फेरी आणि जेवणानंतर घरातल्या सगळ्यांबरोबर एक चक्कर. अम्मी हळू चालतील, अब्बा रस्त्यात कुणाशी बोलत थांबतील, लहान मुले पुढे पळतील. चक्कर पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटांची होईल. होऊ द्यावी.